खिडकीच्या नावावर

माझ्या भावाला त्यांनी खिडकीतून बाहेर ओढलं. दारातून नव्हे, खिडकीतून. कंटेनर यार्डाच्या गेटवर पत्र्याची केबिन आहे, तिला पास देण्यापुरती खिडकी, आणि माझा भाऊ चांगला आडदांड. एका ड्रायव्हरनं केस धरले, दुसऱ्यानं कॉलर. खांदे अडकले तेव्हा तिसऱ्यानं लाथा घालून पत्रा वाकवला. बाहेर आला तो सरळ डांबरावर, आणि मग ज्याला जागा मिळाली त्यानं तुडवला. एकाच्या हातात टॉमी होती, ट्रकचा टायर काढायची लोखंडी सळई. ती त्याच्या डाव्या कानावर बसली.

मी पोचले तेव्हा मारणारे आपापल्या गाड्यांत जाऊन बसले होते, साळसूदासारखे. भाऊ केबिनला टेकून खाली बसला होता आणि मान कलती करून कानातलं रक्त तळहातावर घेत होता, शर्ट खराब होऊ नये म्हणून. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. एक ड्रायव्हर वरून बघून हसत होता. मी पायरीवर पाय देऊन चढले, त्याचं दार उघडलं आणि हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. परत हाणलं. सिक्युरिटीवाल्यांनी मला कमरेला धरून खाली काढलं तेव्हा त्यांतल्या एकाला मी चावले.

हे सांगताना मला लाजबीज वाटत नाही, आधीच सांगून ठेवते. गावात माझ्याबद्दल म्हणतात, हिचा हात आधी येतो आणि तोंड मागून. माझा भाऊ बरोबर उलटा. माझ्याहून धाकटा, अंगानं माझ्या दुप्पट, पण लहानपणी घरी कोंबडी कापायची म्हटलं की हा उठून मागच्या अंगणात जाऊन बसायचा. त्याला कुणी मारावं यासारखा अन्याय नाही.

त्याला का मारलं ते सांगते. यार्ड उरण रस्त्याला आहे. आमचं गाव गव्हाणच्या पुढं, खाडीच्या अंगाला, आणि आज जिथं कंटेनर रचून ठेवलेत तिथं आमची शेतं होती, मिठागरं होती. जमिनी गेल्या तेव्हा गावांनी भांडून एक नियम करून घेतला: यार्डातला माल उचलायची पहिली पाळी जमीन गेलेल्या घरांच्या गाड्यांची. एका घराला एक पाळी, मग पुढचं घर. कुणाची गाडी कुठल्या घराची आणि आता पाळी कुणाची, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. भाऊ खिडकीत बसतो, ड्रायव्हर गाडीचा नंबर सांगतो, भाऊ तो टाइप करतो, प्रोग्रॅम पाळी सांगतो, भाऊ पास देतो. त्याचं काम एवढंच.

गेल्या पावसाळ्यानंतर प्रोग्रॅम अडायला लागला. सकाळी बरा चालायचा. दुपारी रांग लांबली की एकेका पासासाठी स्क्रीन गोठून जायची, आणि बाहेर तापलेल्या गाड्यांत ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसायचे. त्यांना स्क्रीन दिसत नाही. त्यांना दिसतो तो खिडकीतला माणूस, हात मांडीवर ठेवून गप्प बसलेला. मग बोलणी सुरू झाली. हा मुद्दाम अडवतो, पाळ्या पुढंमागं करतो, आपल्या माणसांना आत सोडतो. बोलणी वाढत गेली आणि एका दुपारी त्यांनी त्याला खिडकीतून ओढला.

दुसऱ्या दिवशी कानाला पट्टी बांधून तो कामाला निघाला. आई दारात आडवी उभी राहिली. "मरायला चाललास काय?"

"नाय गेलो तर चोर ठरतो," तो म्हणाला. "मंग मेलेला बरा."

आणि चपला घालता घालता, जणू काही भाजीचं सांगावं तसं, त्यानं सांगितलं की ड्रायव्हर लोकांनी निरोप दिलाय: परत गाडी अडली तर पास देणारा हात तोडू. त्यांना तोडायला वेळ लागला नसता. येत्या रविवारी देवळात गाड्यांच्या संघटनेची सभा होती. तिथं तो चोर ठरला असता तर खिडकी गेली असती, आमच्या घराची पाळी गेली असती आणि हा माणूस खाली मान घालून जगला असता. त्याच्या आधी मला शोधायचं होतं की वेळ नक्की जातो कुठं. आणि तोवर हा जिवंत राहायला हवा होता.

मी आधी अंदाजानं दोन ठिकाणी कोड सुधारला. काडीचा फरक पडला नाही. मग म्हटलं, बस झाले अंदाज, प्रोफाइलिंग करू. प्रोफाइलिंग म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा, आणि बांधताना त्याच्या प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याच्या, दारात एक मोजणारा बसवायचा. आत कोण आलं, कुणी बोलावलं, किती वेळ बसलं, सगळं तो टिपतो. सांगायला सोपं आहे. पण माझा प्रोग्रॅम काय एकटा उभा आहे? तो लोकांनी लिहिलेल्या तयार लायब्ररींवर, म्हणजे आयत्या कोडच्या गठ्ठ्यांवर उभा, त्या लायब्ररी आणखी दुसऱ्या लायब्ररींवर, आणि त्या सगळ्या माझ्या मशीनवर मोजणाऱ्याशिवाय बांधलेल्या. बिल्ड सुरू केला की पहिलीच तोंड वर करून सांगायची, माझी प्रोफाइलिंगची आवृत्ती नाही. तिला बांधायला घ्यावं तर तिच्या खालची अडून बसायची. तिला घ्यावं तर तिच्याही खालची.

आम्ही आता उलव्याला राहतो. शेजारच्या प्लॉटवर पायलिंगचं मशीन जमिनीत खांब ठोकत होतं. धाड, मग थोडं थांबून परत धाड. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, लॅपटॉपचा पंखा बोंबलत होता, स्क्रीनवर लाल ओळी धावत होत्या आणि मी त्या लायब्ररी लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांना त्यांच्या आयाबहिणींवरून आगरी शिव्या घालत होते. एक बांधून झाली की दोन अडायच्या. एकदा मी टेबलावर अशी बुक्की घातली की मनगट सुजलं. फोन वाजला की मी त्याच्यावर झडप घालायचे. वाटायचं, गेटवरून आला, गेला आपला पोरगा.

शेवटी सगळ्या बांधून झाल्या, एक सोडून. पाळी ठरवणारी लायब्ररी. ती माझी नव्हती, माझ्या जुन्या भागीदाराची होती. पनवेलला एसटी स्टँडच्या मागं आमचं दोघांचं ऑफिस होतं. तो पनवेल गावातला, बोलण्यात हुशार. एकदा एका क्लायंटला त्यानं माझ्यासमोर सांगितलं की डोकं माझं आहे, ही टायपिंग करते. क्लायंट जिना उतरला आणि मी कीबोर्ड उचलून ह्याच्या तोंडावर घातला. पुढचा दात अर्धा गेला. ते योग्यच झालं, आजही म्हणेन. भागीदारी तिथं संपली. जाताना तो त्या लायब्ररीचा मूळ कोड घेऊन गेला आणि माझ्याकडे राहिला बांधलेला बंद डबा. चालतो, पण आत बघता येत नाही, आणि पुन्हा बांधता तर मुळीच येत नाही.

मी तो डबा होता तसा जोडला आणि प्रोग्रॅम चालवला. दुपारची लांब रांग त्याला खोटी खोटी दिली. अडायचा तिथं तो अडला. मग रिपोर्ट आला. जवळजवळ सगळा वेळ एकाच नावासमोर: खिडकी. भाऊ जिथं नंबर टाकतो त्या तुकड्याला मी स्वतःच ते नाव दिलं होतं.

काय झालंय ते मला लगेच कळलं. ज्या लायब्ररीच्या दारात मोजणारा नाही, तिच्यात गेलेला वेळ हवेत जात नाही, तिला बोलावणाऱ्याच्या नावावर चढतो. खिडकी नंबर घेते आणि बंद डब्याला विचारते, पाळी कुणाची? डबा आत बसून काय दिवे लावायचे ते लावतो, आणि बिल फाटतं खिडकीच्या नावावर. म्हणजे रिपोर्ट अर्धाच होता. तो डबा उघडल्याशिवाय काही खरं नव्हतं.

नेमके तेव्हाच काका आले. काका म्हणजे माझ्या वारलेल्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि संघटनेचे अध्यक्ष. भाऊ नुकताच ड्युटीवरून येऊन मोरीत पाय धूत होता. काका चष्मा लावून माझ्या मागं उभे राहिले आणि स्क्रीनवर वाकले.

"काय सापडला?"

मी झाकायच्या आत त्यांनी वाचलं. "खिडकी," ते मोठ्यानं म्हणाले. "म्हंजी मशीन पण तेच बोलतंय."

"काका, थांबा, हे अर्धंच आहे."

काका थांबले नाहीत. मोरीच्या दारात गेले आणि भावानं मान वर केली तशी त्याच्या कानफटात वाजवली. पट्टी बांधलेल्या त्याच कानावर, उघड्या हातानं, अंगातला सगळा जोर लावून. भाऊ बादलीवर आपटला. काकांनी त्याला दंडाला धरून उभा केला आणि परत तिथंच मारला. मी खुर्ची फेकून काकांच्या अंगावर गेले, पण आई मध्ये पडली आणि माझ्या दोन्ही हातांना लोंबकळली. "तुझे काका हाईत ते!" ती किंचाळत होती. पट्टी लाल होत होती.

"बापाचा नाव घालवलास," काका म्हणाले. "रयवारी देवलान उभा करीन तुना, चार गावांसमोर."

भाऊ भिंतीला धरून उठला. काकांच्या तोंडाकडे नीट बघत राहिला आणि म्हणाला, "काका, बसा ना. चा घेणार?"

काकांना वाटलं हा निर्लज्जासारखा चिडवतोय. ते थुंकून निघून गेले. मलाही त्या वेळी भावाचाच राग आला, की अरे, निदान तोंडानं तरी उलट बोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पनवेलला गेले. भागीदाराचं नवीन ऑफिस जुन्या बाजारात, एका मिठाईच्या दुकानावर. मला दारात बघून तो खुर्चीसकट मागं सरकला.

"मारायला नाही आले," मी म्हटलं. "पाळीच्या लायब्ररीचा सोर्स पाहिजे. प्रोफाइलिंगनं बांधायचाय." आणि भावाचं सगळं सांगितलं.

तो ऐकत होता आणि जीभ त्या अर्ध्या दातावरून फिरवत होता. "देईन," तो म्हणाला. "आधी सॉरी म्हण."

"नाही म्हणणार. मी टायपिंग करते काय? परत म्हणशील तर उरलेला पण पाडीन."

तो हसला, मग हसायचा थांबला. "ओके. मग मला एक मारू दे. तुला. फक्त एक. तू हात उचलायचा नाहीस."

आयुष्यात मी कुणाचा मार खाऊन गप्प बसलेली नाही. बापाचाही नाही, तो पुढं पळायचा आणि मी मागं. पण घड्याळ पुढं चाललं होतं, यार्डात रांग वाढत होती, आणि तो गाढव त्या वाकलेल्या पत्र्यामागं पट्टी बांधून बसला होता. मी कानातली काढून टेबलावर ठेवली. खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

"मार."

त्यानं मारलं. असं पोचट, की मला हसू आलं. "झालं? हे मारणं? माझी आई गोधडी झटकताना याच्याहून जोरात हाणते."

मग त्यानं खरं मारलं. मी खुर्चीवरून कपाटावर गेले. गाल दातात सापडून आतून फाटला, तोंडात रक्ताची चव आली. हात आपसूक वर आले होते. मी ते परत खाली घेतले, कसे घेतले ते माझं मला माहीत. तो समोर वाकून काहीतरी बोलत होता. तोंड हलताना दिसत होतं, पण कानात नुसती शिट्टी वाजत होती. त्याच्या तोंडाकडे बघत मी नुसती मान डोलवत राहिले. हळूहळू शिट्टी विरली तेव्हा कळलं की तो सॉरी, सॉरी म्हणतोय आणि पाण्याची बाटली पुढं करतोय.

"सॉरी शेवटी तूच म्हणालास," मी म्हटलं. बाटली घेतली आणि चूळ भरली.

सोर्स त्यानं दिला, आणि दिला तो दिलाच, शेजारी बसून बांधूनही दिला. मोजणारा बसवून, सगळ्या दारांत, एकही न सोडता. या वेळी बिल्ड कुठंच अडला नाही. मी तीच रांग परत दिली आणि आम्ही दोघं बघत बसलो. रिपोर्ट आला. खिडकीच्या नावासमोर काही उरलं नव्हतं, मोजायलाही लाज वाटावी इतकं थोडं. सगळा वेळ डब्याच्या आत, एका फंक्शनमध्ये: गाडीवाल्यापासून पिढ्या चढत जाऊन, जमीन गेलेलं त्याचं मूळ घर शोधणारं.

"असं कसं?" भागीदार म्हणाला. "मी फक्त बापाकडून वर चढतो. बाप, आजा, पणजा, झालं. एका माणसाचं एक घर, असंच सांगितलं होतं मला."

मी त्याला सांगितलं. गेल्या साली संघटनेनं नवीन सवलत दिली. ज्याच्या बापाच्या घराची जमीन गेली नाही, पण आईच्या बापाची गेली, त्यानं आजोळचं घर लिहावं. नोंदीत जागा ठेवली एकाहून जास्त घरांची. एकच लिहायचं होतं. मी नोंदी उघडल्या आणि बघितलं तर लोकांनी दोन्ही लिहिलेली. दोन घरं म्हणजे दोन पाळ्या! आणि आमच्यात सोयरीक चार गावांच्या बाहेर जात नाही. बापाकडून चढा नाहीतर आईकडून, वर जाऊन भेटणार तेच म्हातारे. मशीनला ते कुठं ठाऊक? त्याला प्रत्येक पायरीवर दोन वाटा फुटायच्या, त्या प्रत्येकीला आणखी दोन, आणि ते बिचारं त्याच त्या म्हाताऱ्यांकडे पुन्हा पुन्हा चढत बसायचं, रांगेतल्या प्रत्येक गाडीसाठी, प्रत्येक पासाला.

ज्यानं टॉमी मारली त्याची नोंद मी काढली. दोन घरं. केस धरणाऱ्याची, दोन. काकांची तीन: बापाचं, आईचं, आणि सवलतीत कुठंच न बसणारं बायकोचं. मग आमची गाडी काढली. ती आईच्या नावावर आहे. तिची पण दोन, सासरचं आणि माहेरचं. मी हसायला लागले, आणि हसताना तोंडातलं रक्त भागीदाराच्या कीबोर्डवर पडलं.

संध्याकाळी आईला विचारलं तर ती उसळली. "सगल्यांनी लिवला, मी पण लिवला! माज्या बापाची जमीन नाय गेली काय?" मग तिचं लक्ष माझ्या सुजलेल्या गालाकडे गेलं, तिथून भावाच्या पट्टीकडे, आणि ती चुलीपुढं बसावं तशी गॅससमोर जमिनीवरच बसली.

दुरुस्ती तर पनवेललाच झाली होती. एकदा चढलेली वाट लक्षात ठेवायची, परत चढायचं नाही, एवढंच. पण प्रोग्रॅम वेगानं चालायला लागला म्हणून भावाच्या कपाळावरचं चोर पुसलं जाणार नव्हतं. उलट लोक म्हणाले असते, बघा, मार बसला तसा सुतासारखा सरळ आला. ते मला सभेतच पुसायचं होतं, सगळ्यांच्या तोंडावर.

रविवारी देऊळ भरलं होतं. काकांनी भावाला पुढं उभा केला, मूर्तीकडे पाठ, लोकांकडे तोंड. मी देवळातल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. "आटप," मागून ओरडले. "नाव सांग, कोन अडवतो गाड्या?" त्यांना एक नाव हवं होतं. हात शिवशिवत होते, मला ते हात ओळखता येतात.

"मशीन अडतं ते तुमच्या घरांपायी," मी म्हटलं. "ज्यांनी दोन-दोन घरं लिहिली त्यांच्यापायी. माझा भाऊ नुसता वाट बघत बसतो, तुमच्यासारखाच. पहिलं घर आमचं, बघा." आईची नोंद लावली. देवळात कुजबुज झाली. आईनं पदर तोंडावर घेतला. मग टॉमीवाल्याची लावली.

"खोटा हाय!" तो उभा राहिला.

"खोटा? तुझी दोन घरा?" त्याच्या मागचा उठला. "म्हनून माझी गाडी सांजपत्तर उनात उभी?" आणि त्यानं त्याच्या पाठीत लाथ घातली.

मी थांबले नाही. एकामागून एक नोंद लावत गेले. प्रत्येक नोंदीला कुणीतरी उठत होता आणि कुणीतरी त्याच्यावर पडत होता. प्लास्टिकच्या खुर्च्या उडायला लागल्या. चुलतभाऊ चुलतभावाची गचांडी धरत होता, साडू साडूला भिंतीवर आपटत होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. मारा, आणखी मारा, चांगले मारा एकमेकांना. शेवटी मी काकांची तीन घरं लावली.

सगळे एकदम काकांवर गेले. चष्मा पायाखाली गेला, सदरा फाटला, एकानं मानगूट धरून त्यांना खाली वाकवलं. आणि तेवढा वेळ उभा केला तिथंच उभा असलेला माझा भाऊ चालत त्या गर्दीत शिरला. त्यानं कुणाला मारलं नाही. खांद्यानं लोकांना बाजूला करत गेला, काकांना उचलून भिंतीशी धरलं आणि स्वतः पुढं आडवा झाला.

डाव्या अंगानं एकजण लोखंडी खुर्ची उचलून येत होता. मी भावाच्या त्याच अंगाला, हातभर अंतरावर होते. "खाली बस!" मी ओरडले. माझा आवाज साधासुधा नाही, यार्डात ट्रक थांबतो माझ्या आवाजानं. "डावीकडं बघ! अरे, बघ!" त्याची पापणीसुद्धा हलली नाही. खुर्ची त्याच्या डोक्यावर बसली आणि तो गुडघ्यावर आला.

मग त्यानं वर बघितलं. माझं तोंड हलताना दिसलं असावं. रक्त डोळ्यात उतरत होतं ते त्यानं मनगटानं पुसलं आणि मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"बाय, काय बोललीस? ह्या अंगानं बोल. त्या कानानं मना नाय ऐकू येत."

पुढच्यांनी ते ऐकलं. मागच्यांना पुढच्यांनी सांगितलं. हळूहळू खुर्च्या खाली आल्या. टॉमीवाला आपल्या हाताकडे बघत होता. काका भावाच्या पाठीमागं भिंतीला टेकले होते, आणि त्यांनी आपला उजवा हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. मला तेव्हा चहा आठवला. काका त्याला देवळात उभा करीन म्हणत होते आणि हा विचारत होता, चा घेणार? त्यानं ऐकलंच नव्हतं. घरात, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी त्याच्यावरच चिडले होते.

पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतपर्यंत इजा आहे, तो कान परत येणार नाही. टॉमीनं गेला की काकांच्या हातानं, ते मी विचारलं. त्यांना सांगता येईना.

भाऊ खिडकीत परत बसतो. गावांनी सन्मानानं बसवला, नारळ वगैरे देऊन. दुसरी घरं काढून टाकली, आईनं आपलं माहेरचं स्वतः येऊन काढायला लावलं. काका आमच्याकडे येतात, पण घरात शिरल्यावर आधी हात मागं बांधतात. केबिनचा पत्रा अजून वाकडाच आहे.

परवा मी सहज गेटवरचा प्रोग्रॅम एक दिवस प्रोफाइलिंगनं बांधून चालवला. सगळ्या लायब्ररींसकट, एकही बंद डबा न ठेवता. पिढ्या चढायला आता डोळ्याचं पातं लवेपर्यंत वेळ लागत नाही. आणि तरी सगळ्यात जास्त वेळ पुन्हा त्याच नावासमोर निघाला: खिडकी. मी दोनदा तपासलं. बरोबर होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवर जाऊन उभी राहिले. गाड्या खिडकीला डावीकडून लागतात. ड्रायव्हर वरून नंबर ओरडतो, भाऊ हसून मान हलवतो आणि कान दाखवतो. मग ड्रायव्हर इंजिन बंद करतो, खाली उतरतो, केबिनला वळसा घालून उजव्या बाजूला येतो आणि वाकून नंबर सांगतो. टॉमीवाला पण उतरला, माझ्या देखत. मागची रांग उन्हात उभी असते. हॉर्न कुणी वाजवत नाही. त्या दुपारी एका बाहेरच्या गाडीवाल्यानं वाजवला, तेव्हा भाऊ आवाज कुठून येतोय म्हणून भलतीकडेच बघत बसला.